टर्बोचं बटण ते गव्हर्नर : प्रोसेसरचा वेग ठरवायचा कोणी?

मंडळी, या वीकांताचा विषय आमच्या धंद्यातला आहे. पण घाबरू नका, कोड वगैरे काही नाही. इतिहास आहे, थोडं बारावीचं फिजिक्स आहे आणि शेवटी एक प्रश्न आहे. तो प्रश्न इंजिनियर नसलेल्यांनाही लागू पडतो.

लॅपटॉप घेताना दुकानदार सांगतो, "सर, दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झ आहे". आपण मान डोलावतो. प्रत्यक्षात तुम्ही हे वाचताय त्या क्षणी तुमचा प्रोसेसर त्या आकड्यावर बहुतेक नाहीचे. पान नुसतं वाचायला कसला आलाय वेग? तो कुठेतरी खाली रेंगाळत असेल. तुम्ही पान सरकवलंत की टुणकन वर उडी मारेल आणि परत खाली येईल. सेकंदात कित्येक वेळा हे चालू असतं. वेग वाढवला तर काम लवकर होतं, पण बॅटरी संपते आणि मांडी भाजते. कमी केला तर बॅटरी टिकते, पण मशीन रडत रडत चालतं. मग 'आत्ता किती वेग हवा' हे ठरवतं कोण? माणूस, ऑपरेटिंग सिस्टिम, की चिप स्वतः? गेली चाळीस वर्षं हा अधिकार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातोय. त्याचीच ही गोष्ट.

लाल आकडे आणि टर्बोचं बटण

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यातला इंटेल ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. सगळे पीसी त्याच वेगाचे, त्यामुळे अनेक प्रोग्रॅमर मंडळींनी, विशेषतः गेमवाल्यांनी, तो वेग गृहीतच धरला. थोडा वेळ थांबायचंय? एक रिकामा लूप फिरवा, झालं! मग ८ मेगाहर्ट्झच्या नकला बाजारात आल्या आणि गंमत झाली. गेममधले शत्रू दुप्पट वेगाने अंगावर यायला लागले.

यावर तोडगा म्हणून कॅबिनेटवर एक बटण आलं : टर्बो. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठी! काही कॅबिनेटवर लाल आकड्यांत मेगाहर्ट्झही दिसायचे. ते आकडे बहुतेक वेळा काहीही मोजत नसत बरं का. कोणत्या स्थितीत कोणता आकडा दाखवायचा हे आत जंपर लावून ठरवलेलं असायचं. तरीही या काळाची एक गोष्ट मला आवडते. वेग ठरवणारा माणूस होता, बटण त्याच्या समोर होतं, आणि ते का दाबायचं हे त्याला माहीत होतं.

इथे विजेचा प्रश्न नव्हताच. वीज भिंतीतून यायची. ती बॅटरीतून यायला लागली तेव्हा खरं गणित सुरू झालं.

वर्गाची करामत

आता तेवढं फिजिक्स. आजच्या चिप्स ज्या सीमॉस पद्धतीच्या सर्किटवर चालतात, ती फ्रँक वॅन्लास यांनी १९६३ साली फेअरचाइल्ड कंपनीत असताना मांडली. त्यात स्विच चालू-बंद होताना जी वीज लागते तिचं सूत्र सोपं आहे : कपॅसिटन्स, गुणिले व्होल्टेजचा वर्ग, गुणिले क्लॉकचा वेग.

आता बघा. नुसता वेग अर्ध्यावर आणला तर वीज अर्धी लागेल. पण तेच काम करायला वेळ दुप्पट लागेल! म्हणजे एकूण ऊर्जा तेवढीच. मशीन हळू केलं, वाट बघितली आणि स्विचिंगच्या ऊर्जेत वाचलं काहीच नाही. खरी बचत आहे त्या वर्गात. वेग कमी असेल तर सर्किटला कमी व्होल्टेज पुरतं, आणि व्होल्टेज थोडं उतरलं की त्याचा वर्ग बराच उतरतो. म्हणून वेग आणि व्होल्टेज जोडीने उतरवायचे. नवऱ्याने खर्च कमी केला आणि बायकोने नाही, तर महिनाअखेर जे होतं तेच इथे! (उलटंही चालेल, भांडू नका.)

१९९४ : मागचं बघून पुढचं ठरवणं

नोव्हेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे ऑपरेटिंग सिस्टिमवरची एक परिषद झाली. तिथे झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या मार्क वायझर, ब्रेंट वेल्च, ॲलन डेमर्स आणि स्कॉट शेंकर यांनी एक निबंध मांडला. वायझर म्हणजे 'यूबिक्विटस कॉम्प्युटिंग'वाले. भविष्यात संगणक सगळीकडे, भिंतीत, खिशात, हातात असतील, हे त्यांचं वेड. खिशातल्या संगणकाला बॅटरी हवी, म्हणून ऊर्जेचा विचार त्यांना करावाच लागला.

त्यांनी मांडलेली कल्पना आज अगदी साधी वाटते. कोणतं काम कधी करायचं हे ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्युलर ठरवतोच, मग किती वेगाने करायचं हेही त्यालाच ठरवू द्या. मोजमापही नवं सुचवलं : एका ज्यूलमध्ये किती दशलक्ष सूचना पार पडतात. म्हणजे चक्क संगणकाचं मायलेज!

पण इथे मेख होती. योग्य वेग ठरवायचा तर पुढच्या क्षणी किती काम येणार हे आधी कळायला हवं, आणि ते कोणालाच कळत नाही. म्हणून त्यांनी एक व्यवहारी पद्धत तपासली आणि तिचं नावच ठेवलं 'पास्ट'. गेल्या काही मिलिसेकंदांत प्रोसेसर ७० टक्क्यांहून जास्त व्यग्र होता? वेग वाढवा. ५० टक्क्यांहून कमी? उतरवा. उद्या कालसारखाच असेल असं धरून चालायचं. आपण तरी दुसरं काय करतो?

त्यांच्याकडे असा वेग बदलणारा चिप नव्हता. वर्कस्टेशनवरच्या खऱ्या वापराच्या नोंदी घेऊन त्यांनी सिम्युलेशन केलं. व्होल्टेज ३.३ पर्यंतच उतरवता येतं असं धरलं तर प्रोसेसरची ऊर्जा ५० टक्क्यांपर्यंत वाचत होती, आणि २.२ पर्यंत उतरवता आलं तर ७० टक्क्यांपर्यंत. प्रामाणिकपणा असा की निबंधाच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं होतं : सगळ्यात जास्त ऊर्जा स्क्रीन खातो, मग डिस्क, आणि मग प्रोसेसर.

वायझर १९९९ मध्ये वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. त्यांची कल्पना दुकानात पोचली ती त्यानंतर काही महिन्यांनी.

जानेवारी २०००

१८ जानेवारी २००० रोजी इंटेलने लॅपटॉपसाठी स्पीडस्टेप असलेले पेंटियम थ्री आणले. चार्जर लावलेला असेल तर ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्ट, बॅटरीवर आलात की ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट. वरचं सूत्र लावून बघा. वेग पाऊणपट, पण वीज जवळपास ५५ टक्के. तेच काम करायला लागणारी ऊर्जा ७१ टक्के. वर्गाची करामत!

दुसऱ्याच दिवशी ट्रान्समेटा नावाच्या छोट्या कंपनीने क्रूसो हा चिप जाहीर केला. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स तेव्हा तिथेच नोकरीला होता. त्यांच्या पद्धतीचं नाव लाँगरन. त्यात दोनच पायऱ्या नव्हत्या, अनेक होत्या, आणि कामाचा भार बघून चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर सतत वर-खाली करत राहायचं.

फरक लक्षात घ्या. स्पीडस्टेप फक्त एवढंच बघायचं की चार्जर लावलाय की नाही. लाँगरन बघायचं की काम किती आहे. पहिला म्हणजे पगार झालाय का बघून खर्च करणारा, दुसरा म्हणजे गरज बघून. कल्पना ट्रान्समेटाची जिंकली, कंपनी मात्र टिकली नाही. असं आमच्या धंद्यात फार होतं.

आणि त्याच वर्षी मार्चमध्ये काय झालं? एएमडी आणि इंटेल दोघांनीही दोन दिवसांच्या अंतराने एक गिगाहर्ट्झचा पल्ला गाठल्याच्या तुताऱ्या फुंकल्या. एका हाताने लगाम आणि दुसऱ्या हाताने चाबूक!

गुडघे टेकले

चाबूक का चालत होता? १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी एक नियम दाखवला होता. ट्रान्झिस्टर लहान केला आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर मावतात, ते वेगाने चालतात आणि तरी चिप जास्त तापत नाही. जवळपास तीस वर्षं हा उद्योग या वरदानावर चालला.

२००४ च्या सुमारास वरदान संपलं. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळायला लागली, नळ नीट बंद न झाल्यासारखी. व्होल्टेज आणखी उतरवलं तर गळती आणखी वाढणार. मे २००४ मध्ये इंटेलने पुढचा पेंटियम, टेहास, रद्द केला. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोरही रद्द केला आणि गाडी ३.८ वर थांबली. ते ३.८ वालं मशीन ११५ वॅटचं होतं. त्याच महिन्यात एका परिषदेत इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी व्यासपीठावर अक्षरशः गुडघे टेकून माफी मागितली. थट्टेतच, पण मागितली.

त्या दिवसापासून 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण लॅपटॉपपुरती राहिली नाही. डेस्कटॉप आणि सर्व्हरलाही तीच लागू झाली.

गव्हर्नरसाहेब

डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सचं २.६ कर्नल आलं आणि त्यात सीपीयूफ्रेक ही व्यवस्था होती. मुळात एआरएम प्रोसेसरसाठी रसेल किंग यांनी सुरू केलेली, पुढे डॉमिनिक ब्रोडोव्स्की यांनी वाढवलेली. तिची रचना शिकण्यासारखी आहे. वेग बदलायचा कसा, हे काम ड्रायव्हरचं. कधी आणि किती बदलायचा, हे धोरण गव्हर्नरचं. दोघांची गल्लत करायची नाही.

गव्हर्नर हा शब्द वाफेच्या इंजिनातून आला. जेम्स वॅटने १७८८ च्या सुमारास फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर इंजिनाला जोडला, तो भार बदलला तरी वेग स्थिर ठेवण्यासाठी. आमचा गव्हर्नर बरोबर उलटा : भार बदलला की वेग बदलणारा.

सुरुवातीचे गव्हर्नर साधे होते. 'परफॉर्मन्स' म्हणजे कायम वर, 'पॉवरसेव्ह' म्हणजे कायम खाली, 'युजरस्पेस' म्हणजे तुमचं तुम्ही बघा. मग इंटेलच्या वेंकटेश पल्लीपाडी यांचा 'ऑनडिमांड' २००४ मध्ये आला. त्याचा नियम : व्यग्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की पायरी-पायरीने नाही, थेट सर्वोच्च वेगावर. खाली येताना मात्र सांभाळून. कारण स्पष्ट आहे. कोणीतरी बटण दाबून वाट बघतंय, त्याला एकेक पायरी चढून दाखवू नका. पुढच्या वर्षी 'कन्झर्व्हेटिव्ह' आला, तो पाच-पाच टक्क्यांनी चढणारा. दोन्ही गव्हर्नर शेवटी वायझर यांच्या 'पास्ट'चीच भावंडं.

आणि या पद्धतीचा मूळ दोषही तोच. आमच्याच ऑफिसातलं उदाहरण देतो. एका सर्व्हिसचा रिस्पॉन्स टाइम दिवसा छान, आणि रात्री, गर्दी ओसरल्यावर, जास्त! सगळे चक्रावले. डेटाबेस बघून झाला, नेटवर्क बघून झालं. कारण निघालं हे : रात्री रिक्वेस्ट तुरळक, म्हणून सरासरी भार कमी, म्हणून गव्हर्नर वेग खाली ठेवणार. प्रत्येक रिक्वेस्टला पेंगुळलेला प्रोसेसर भेटायचा. तो जागा होईपर्यंत काम संपलेलं, की परत झोप. सरासरी बघणाऱ्याला तुरळक माणसाची घाई दिसत नाही. त्या मशीनवर 'परफॉर्मन्स' लावला आणि प्रश्न मिटला. विजेचं बिल थोडं वाढलं, पण तिथे ते परवडणारं होतं. दुसऱ्या ठिकाणी, जिथे रात्रभर अहवाल तयार होत असतात आणि सकाळपर्यंत कोणी बघत नाही, तिथे हेच करणं म्हणजे उधळपट्टी.

पळा आणि झोपा

मधल्या काळात दुसरा एक पंथ निघाला. ते म्हणाले, हळू चालवत बसूच नका. पूर्ण वेगाने काम उरका आणि गाढ झोपा. पुण्यातला रिक्षावाला मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करतो ना, तसं.

आधीच्या सूत्राने हे चूक ठरायला हवं, पण त्या सूत्रात गळती नव्हती! चिप जागी असेपर्यंत वीज गळतच राहते, काम हळू करा की जोरात. झोपवली तरच गळती थांबते. एप्रिल २००७ च्या २.६.२१ कर्नलने रिकाम्या प्रोसेसरला ठरावीक ठोक्याला उठवणं बंद केलं. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने पॉवरटॉप हे साधन दिलं. कोणता प्रोग्रॅम विनाकारण प्रोसेसरला सारखा झोपेतून उठवतोय, त्याची यादीच समोर.

खरं कोण? दोघंही, आपापल्या जागी. सगळ्यात कमी व्होल्टेजला पोचल्यावर वेग आणखी उतरवण्यात अर्थ नाही, तिथे झोपच बरी. आणि अगदी वरच्या वेगाला व्होल्टेज इतकं चढवावं लागतं की तिथे पळणं महाग. फायद्याची जागा मध्ये कुठेतरी असते आणि ती प्रत्येक चिपची वेगळी.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं

नोव्हेंबर २००८ मध्ये इंटेलच्या कोअर आय-सेव्हनबरोबर टर्बो बूस्ट आलं. टर्बो परत आला, बटण नाही! बाकीचे कोअर रिकामे असतील आणि तापमान, वीज परवानगी देत असेल तर चिप आपणहून ठरल्या वेगाच्या वर जायला लागली. २०२४ मध्ये आलेला एक चिप तर या पद्धतीने ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो.

मग साहजिक प्रश्न आला. आपण किती तापलोय हे चिपला आतून कळतं, ऑपरेटिंग सिस्टिमला बाहेरून. मग सिस्टिमने उंटावरून शेळ्या का हाकाव्यात? २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलने निर्णयच चिपमध्ये नेला. सिस्टिमने ० ते २५५ मधला एक आकडा फक्त कळवायचा, शून्य म्हणजे वेग प्यारा, २५५ म्हणजे बचत. बाकी चिप बघून घेईल.

दुसऱ्या बाजूने लिनक्सवाल्यांनी २०१६ मध्ये 'शेडयुटिल' आणला. त्यात शेड्युलरच्या स्वतःच्या हिशोबावरून वेग ठरतो, थोडी जागा राखून, म्हणजे प्रोसेसर साधारण ८० टक्के भरलेला राहील असा. शेड्युलरला निदान एवढं ठाऊक असतं की कोणतं काम आत्ताच आलं. बावीस वर्षांनी वायझर यांचं म्हणणं शब्दशः अमलात आलं!

म्हणजे आज ज्ञान वाटलं गेलंय. चिपला तापमान कळतं, सिस्टिमला काम कळतं. पण घाई कोणाला आहे, हे त्या दोघांनाही कळत नाही. ते फक्त तुम्हाला कळतं.

आणि आपण?

डिसेंबर २०१७ ची गोष्ट आठवते? गीकबेंचचे जॉन पूल यांनी आलेख प्रसिद्ध केले : काही जुने आयफोन ठरावीक अपडेटनंतर हळू झालेले दिसत होते. दोन दिवसांनी ॲपलने मान्य केलं. कारण तांत्रिकदृष्ट्या रास्त होतं. जुनी बॅटरी एकदम जास्त करंट देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो, म्हणून वेगाला मर्यादा घातली. पण हे मालकाला नीट सांगितलं नव्हतं. नवी बॅटरी टाकून काम भागेल तिथे लोकांना वाटलं फोनच म्हातारा झाला. पुढे ॲपलने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि २०१८ मध्ये ही मर्यादा बंद करण्याची सोय दिली.

मला या प्रकरणात इंजिनियरिंग चूक वाटत नाही. बटण लपवणं चूक वाटतं.

त्यामुळे सांगणं एवढंच. आपल्या मशीनचं धोरण काय आहे ते एकदा बघा. विंडोजवर पॉवर मोड आहे, लिनक्सवर गव्हर्नरचं नाव एका फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. नावांवर मात्र विसंबू नका. इंटेलच्या २०१३ पासूनच्या पीस्टेट ड्रायव्हरमध्ये 'पॉवरसेव्ह' म्हणजे कायम तळाचा वेग नव्हे, भार बघून वर-खाली करणारा नेहमीचा मोड. ते नाव बघून लोक उगाच हळहळतात. लॅपटॉपवर आहे ते बहुधा ठीकच असतं. सर्व्हरवर मात्र विचारा : इथे कोणी वाट बघतंय का? बघत असेल तर वेगाला, नसेल तर विजेला कौल द्या. आणि बदल करण्याआधी व नंतर मोजा. न मोजता केलेलं ट्यूनिंग म्हणजे जंपर लावून दाखवलेले ते लाल आकडे.

चाळीस वर्षांत बटणाचं काम शेकडो पटींनी हुशार झालं. ते आपल्याऐवजी कोणीतरी करतंय याची तक्रार नाही, सेकंदात शंभर वेळा बटण दाबायला कोणाला वेळ आहे? पण ते कोणाच्या सोयीने दाबलं जातंय, हे विचारायचा हक्क सोडू नये.

असो. फार झालं. आता लॅपटॉप बंद करा आणि तुम्हीही जरा झोपा. प्रोसेसरसाठीही शेवटी तोच उपाय निघाला!